‘एक्सायटेड डिलिरियम’ लिहायला बंदी: बरोबर की अतिरेक?

सातपुडा
कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये एबी ३६० हा कायदा केला. २०२४ पासून तिथे मृत्यूच्या दाखल्यावर ‘एक्सायटेड डिलिरियम’ (माणूस बेभान, अति उत्तेजित होऊन त्या भरातच आपोआप मरतो, असं सांगणारं निदान) हे कारण लिहिता येत नाही, पोलिसांना अहवालात ते वापरता येत नाही आणि दिवाणी दाव्यात पुरावा म्हणूनही ते चालत नाही. मला शंभर टक्के पटलं. यामागे अँजेलो क्विंटोच्या घरच्यांचा पाठपुरावा होता. डिसेंबर २०२० मध्ये, अँटिऑक शहरात, तिशीचा अँजेलो मानसिक त्रासात होता म्हणून बहिणीने ९११ या आणीबाणीच्या नंबरला फोन लावला. पोलिसांनी त्याला पालथा दाबून धरला. तो बेशुद्ध पडला आणि तीन दिवसांनी रुग्णालयात दगावला. कारण लागलं एक्सायटेड डिलिरियम. म्हणजे पोरगा आपला आपणच मेला!

रातपाळी
असहमत. मी कॅज्युअल्टीत काम करतो. नशेत किंवा दारू तुटल्यावर पेशंट असा येतो की अंग तापलेलं, घामाने निथळतोय, डोळे तारवटलेले, चार वॉर्डबॉयना आवरत नाही. असे पेशंट दगावतातही. नाव खोडलं म्हणून पेशंट यायचा थांबत नाही. आणि निदान डॉक्टरांनी करायचं की आमदारांनी? अमेरिकेतल्या इमर्जन्सी डॉक्टरांच्या संघटनेने २००९ मध्ये हे मान्य केलं होतं, एवढं तरी लक्षात घ्या.

सातपुडा
@रातपाळी, पुढचंही सांगा की. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच संघटनेने २००९ ची ती मान्यता मागे घेतली. त्याआधी मार्चमध्ये शवचिकित्सा करणाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेने मृत्यूचं कारण म्हणून हे मान्य नसल्याचं सांगितलं. अमेरिकन मेडिकल असोसिएशन तर २०२१ पासून विरोधात. डॉक्टर बोलून झाले, मग कायदा आला. आणि घाम, ताप, आरडाओरडा हे सगळं पोलिसांना आजही लिहिता येतं. दिसलं ते लिहा, निदान करू नका, एवढंच म्हणणं आहे.

अंबाझरी
मूळ बघा. १९८५ मध्ये मायामीचे शवचिकित्सक चार्ल्स वेटली यांनी कोकेनच्या संदर्भात हे मांडलं. पुढे तिथे कृष्णवर्णीय बायकांचे मृतदेह सापडत गेले, तेव्हा कोकेन आणि शरीरसंबंध यांनी त्या दगावल्या असं त्यांचं म्हणणं. त्यांच्याच वरिष्ठांनी, जोसेफ डेव्हिस यांनी, प्रकरणं पुन्हा तपासली तर गळे दाबल्याचं निघालं. संशय एका सिरियल किलरवर गेला. एवढं होऊनही ही संज्ञा पुढे तीसेक वर्षं टिकली, याचं मला जास्त नवल वाटतं.

शंकासुर
मला दोन्ही बाजू अर्धवट वाटतात. कोलोराडोत २०१९ मध्ये २३ वर्षांच्या एलायजा मॅक्लेनला पोलिसांनी रस्त्यात अडवून गळ्याला विळखा घातला. पॅरामेडिक आले, त्यांनी हेच ‘निदान’ केलं आणि केटामाइन हे गुंगीचं औषध ५०० मिलिग्रॅम टोचलं. पोरगं पासष्ट किलोच्या आसपास, डोस नव्वद किलोच्या माणसाचा. जीव घेतला तो विळख्याने आणि सुईने. दाखल्यावर बंदी घालून सुई कशी थांबणार? शिवाय कॅलिफोर्नियातल्या बहुतेक काउंट्यांत (जिल्ह्यांत) शेरीफ म्हणजे पोलीसप्रमुख आणि कॉरोनर म्हणजे मृत्यूचं कारण ठरवणारा अधिकारी, हे दोन्ही एकच माणूस. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. आधी ते वेगळे करा!

सातपुडा
@शंकासुर, ते करायलाच हवं. पण सुई टोचायला हात धजावला तो त्या शिक्क्यामुळेच ना? कोलोराडोनेही पुढे, २०२४ मध्ये, पोलीस आणि पॅरामेडिकच्या प्रशिक्षणातून तो काढला.

रातपाळी
दाखल्यापुरतं मी सोडून देतो. पण दिवाणी दाव्यात पुरावाच आणायचा नाही, हे मला खटकतं. साक्षीदार डॉक्टर खोटा असेल तर उलटतपासणीत उघडा पाडा. न्यायाधीश कशाला बसलेत?

अंबाझरी
न्यायाधीशांसमोर हा युक्तिवाद वर्षानुवर्षं चाललाच की. आपल्याकडचंच बघा. बलात्कार पीडितेच्या तपासणीत ‘टू-फिंगर टेस्ट’ करून ती ‘शरीरसंबंधांना सरावलेली’ असा शेरा मारायचे, आणि बचाव पक्ष तोच शेरा कोर्टात नाचवायचा. सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये ही चाचणी चुकीची ठरवली. तेव्हा कोणी म्हणालं का, की उलटतपासणीत बघू?

शंकासुर
आणि २०२२ मध्ये त्याच कोर्टाला पुन्हा सांगावं लागलं, कारण चाचणी सुरूच होती! बंदीचं हे असं असतं.

अंबाझरी
म्हणूनच या वेळी कोर्टाने चाचणी करणारा गैरवर्तनाचा दोषी ठरेल असं बजावलं आणि वैद्यकीय अभ्यासक्रम तपासायला सांगितलं. बंदी कमी पडली म्हणून कडक केली, उठवली नाही.

रातपाळी
कडक करा, पण चार माणसांनी धरलेला पेशंट श्वास घेतोय की नाही हे बघायचं काम कोणाचं, हे त्या कायद्यात कुठे लिहिलंय ते कोणी दाखवेल का?