नवव्या डावाबद्दल थोडं

चेन्नईतल्या २०१३ च्या बुद्धिबळ जगज्जेतेपदाच्या लढतीत, मॅग्नस कार्लसनविरुद्धच्या नवव्या डावात, विश्वनाथन आनंदने 'जिंकलेला हल्ला घालवला' असं कोणीतरी म्हटलंय. अर्धंच पटलं. हल्ला वाया गेला खरा, पण तो जिंकलेला कधीच नव्हता.

गुणांत ३-५ असा मागे पडल्यावर सावध खेळून चालणारच नव्हतं. त्याने निम्झो-इंडियन नावाच्या ओपनिंगमध्ये (डावाच्या सुरुवातीच्या चालींत) प्यादी कार्लसनच्या राजावर सोडली. कार्लसन मात्र दुसऱ्या टोकाला बी पट्टीतलं प्यादं शांतपणे पुढे ढकलत राहिला. आनंदचा वजीर एच६ वर (अक्षर म्हणजे उभी पट्टी, आकडा म्हणजे आडवी ओळ), एफ६ वर प्यादं रुतलेलं. जी७ वरची मात ई८ वरच्या घोड्याने अडवलेली, पण हत्ती एफ४ वरून एच४ ला आला की एच७ वर मात होतीच. तेवढ्यात कार्लसनच्या त्या प्याद्याचा बी१ वर नवा वजीर, तोही शह देत!

इथे शह अडवायला उंट एफ१ ला आणायला हवा होता. आनंदने जी३ चा घोडा तिथे घातला. (घोडचूक म्हणतात ती शब्दशः हीच.) घोडा हलल्याने ई१ ते एच४ कर्ण मोकळा झाला. कार्लसनने वजीर ई१ वर ठेवला. आता हत्ती एच४ ला गेला तर फुकट मरणार. २८ व्या चालीनंतर आनंदने डाव सोडला.

उंट घातला असता तरी कार्लसनचा वजीर डी१ वरून एच५ ला येऊन घोड्याच्या बदल्यात स्वतःचा बळी देतो आणि मात टळते. पुढे डाव जवळपास बरोबरीचा. म्हणजे हुकली ती फार तर झुंजत राहायची संधी.