सीडींच्या संग्रहासाठी फ्लॅक की एमपी३? आणि वेगळा डॅक घ्यावा का?

प्रश्न:
घरातील शास्त्रीय संगीताच्या सीडी संगणकावर उतरवून घ्यायच्या आहेत. ३२० केबीपीएसचे (सेकंदाला ३२० किलोबिट) एमपी३ पुरेसे आहे, फ्लॅक करावे, की थेट २४ बिट, १९२ किलोहर्ट्झमध्ये रूपांतर करावे? मी लॅपटॉपला वायरचा हेडफोन जोडून ऐकतो. तंबोऱ्याची जवारी नीट ऐकू यावी, यासाठी स्वतंत्र डॅक (अंकीय ध्वनीचे हेडफोनला चालणाऱ्या विद्युत संकेतात रूपांतर करणारे उपकरण) घेणे योग्य ठरेल का?

उत्तर १:
फ्लॅकच करावे. सीडीवर १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झचा ध्वनी (सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटचा) असतो, म्हणजे सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट. फ्लॅक तो बराच कमी जागेत बसवते आणि वाजवताना जसाच्या तसा परत देते. पुढे फोनसाठी एएसी किंवा ओपस यांसारख्या लहान फाइली हव्या झाल्या, तर याच प्रतीवरून करता येईल. एमपी३ जागा वाचवण्यासाठी ध्वनीचा काही भाग गाळते; त्यावरून फ्लॅक केल्यास मात्र एकदा गाळलेले परत येत नाही, फाइल तेवढी फुगते. सीडीचे २४/१९२ करण्यातही हाच फोलपणा आहे. शिवाय ४४.१च्या दराने २२ किलोहर्ट्झपर्यंतचे स्वर नोंदवले जातात आणि माणसाचा कान तरुणपणीही २०च्या आसपास थांबतो.

उत्तर २:
वरील मताशी सहमत आहे. २४ बिटचा खरा उपयोग ध्वनिमुद्रण करताना होतो. डॅकबद्दल सांगायचे, तर आधी लॅपटॉपचीच परीक्षा घ्यावी. आलाप सुरू होण्यापूर्वी नुसता तंबोरा चालू असतो, तेव्हा हेडफोनमध्ये बारीक खरखर किंवा माउस हलवताच चिरचिर ऐकू येत असेल, तर यूएसबीवर चालणारा साधा डॅकही फरक दाखवेल. आवाज स्वच्छ असेल, तर तेच पैसे चांगल्या हेडफोनवर खर्च करावेत, कारण सर्वाधिक फरक तिथेच पडतो. हेडफोनचा विद्युत रोध जास्त, म्हणजे ३०० ओहमइतका असल्यास अॅम्प्लिफायरची गरज भासू शकते.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. आयफोनवर ब्लूटूथने ऐकल्यास फ्लॅकचा लाभ मिळेल का?

उत्तर १:
पूर्णपणे नाही. आयफोन ब्लूटूथवर सहसा एएसीमध्येच ध्वनी पाठवतो. एलडॅक या ब्लूटूथवर ध्वनी पाठवण्याच्या दुसऱ्या पद्धतीची सोय त्यात नाही, आणि ९९० केबीपीएसपर्यंत जाणारे एलडॅकही लॉसी (ध्वनीचा काही भाग गाळणारे) म्हणूनच गणले जाते. तरी चांगले एएसी आणि फ्लॅक यांतला फरक ओळखणे भल्याभल्यांना जड जाते. खात्री करायची असल्यास फूबार२००० या संगणकावरील प्लेअरमधील एबीएक्स चाचणी (कोणता नमुना कोणता हे न सांगता ओळखायला लावणारी) करून पाहावी, पण दोन्हींच्या आवाजाची पातळी आधी समान करून घ्यावी. किंचित मोठा आवाज कानाला सहसा सरस वाटतो, आणि महागड्या डॅकची निम्मी कीर्ती, माझ्या मते, त्यावरच उभी आहे.