उत्तर: झॅपडॉसवर ग्राउंड मूव्ह?

पोकेमॉन गेममधल्या झॅपडॉस पक्ष्याशी कसं लढायचं, यावर आधी उत्तर देणारे भाऊ म्हणतात, तो विजेचा, म्हणून ग्राउंड मूव्ह (जमीन प्रकारचा हल्ला) मारा. नाही ना भाऊ! तो उडणाराही आहे, ग्राउंडचा मारा त्याला लागतच नाही. रॉक (दगड) किंवा आइस (बर्फ) प्रकारची मूव्ह वापरा, दुप्पट लागतं. त्यातही गोलेम हा पोकेमॉन भारी: मारा रॉकचा, आणि स्वतः ग्राउंडचाही असल्यामुळे विजेचा झटका त्याला बसत नाही.

१९९६ च्या पहिल्या गेममध्ये तो पॉवर प्लांटमध्ये असतो, लेव्हल ५०. मी जुन्या गेमबॉयवर गाठला तेव्हा इथे नागपुरात वळीव, अंबाझरीकडे ढग गडगडत होते, घरची लाइट गेलेली. जोशात एक मूव्ह जास्त मारली न् पक्षी आडवा, पकडायचा राहूनच गेला. सेव्ह? केलंच नव्हतं. त्यामुळे आधी सेव्ह, मग झोपवा, मग पकडायला अल्ट्रा बॉल टाका.