मापाचा माउथगार्ड करून घेण्याने खरोखर फरक पडतो का?

प्रश्न – हॉकीपटूची आई

माझी मुलगी 13 वर्षांची असून गेली तीन वर्षे हॉकी खेळते. तिचे वरचे पटाशीचे दात थोडे पुढे आहेत आणि येत्या काही महिन्यांत तिला तारा बसवायच्या आहेत. सध्या ती गरम पाण्यात मऊ करून, चावून बसवायचा तयार माउथगार्ड वापरते. वापरते म्हणण्यापेक्षा बाळगते म्हणणे अधिक खरे, कारण निम्मा सामना तो तिच्या मोज्यात खोचलेला असतो. ओरडून पास मागायचा झाला की तो तोंडातून हातात येतो, आणि तोंडात असलाच तर ती तो चघळत राहते. त्यामुळे दाढांवरचा भाग इतका झिजला आहे की उजेडापुढे धरल्यास पलीकडच्या बोटाची सावली दिसते.

आमच्या दंतवैद्यांनी जबड्याचे माप घेऊन स्वतंत्र माउथगार्ड करून घ्यावा, असे सुचवले आहे. त्याचा खर्च तयार गार्डच्या कित्येक पट आहे. त्याने दातांचे संरक्षण खरोखर वाढते, की आपण केवळ सोयीसाठी जादा पैसे मोजतो, हे मला समजून घ्यायचे आहे.

उत्तर – दंतवैद्य

आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या मोज्यातच आहे. मोज्यातला गार्ड कितीही चांगला असला तरी दात वाचवू शकत नाही, आणि मापाच्या गार्डचा पहिला फायदा हाच की तो तोंडात राहतो. तो वरच्या दातांवर आणि हिरडीच्या काही भागावर इतका घट्ट बसतो की तोंड उघडले तरी गळून पडत नाही. त्यामुळे तो धरून ठेवण्यासाठी दात आवळावे लागत नाहीत, बोलता येते, श्वास मोकळा राहतो आणि पाणीही पिता येते.

दुसरा फायदा जाडीचा आहे, आणि तुम्ही पाहिलेली बोटाची सावली त्याच्याशी थेट संबंधित आहे. बहुतेक गार्ड इथिलीन व्हिनाइल ॲसिटेट नावाच्या लवचिक पदार्थाचे असतात. तयार गार्ड गरम करून मुलाच्या तोंडात ठेवला आणि ‘चाव’ म्हटले की मूल जोर लावून चावते, आणि जिथे जाडी सर्वाधिक हवी तिथलाच पदार्थ बाजूला सरकतो. म्हणजे चघळण्याआधी, पहिल्याच दिवशी तो पातळ झालेला असतो. मापाच्या गार्डमध्ये समोरच्या दातांपुढे साधारण 3 मिलिमीटर आणि चावण्याच्या पृष्ठभागावर साधारण 2 मिलिमीटर जाडी ठरवून राखता येते. टाळूकडची बाजू मुद्दाम पातळ ठेवतात, कारण तिथे जाडी वाढली की मळमळते आणि उच्चार बिघडतात. सुमारे 4 मिलिमीटरच्या पुढे जाडी वाढवून संरक्षणात फारशी भर पडत नाही, अडगळ मात्र वाढते.

गार्ड करण्याची पद्धत अशी: दोन्ही जबड्यांचे माप घेऊन प्लास्टरचे साचे तयार केले जातात, किंवा तोंडातच स्कॅन केले जाते. त्याच लवचिक पदार्थाचा तापवलेला पत्रा वरच्या साच्यावर निर्वाताने ओढून किंवा हवेच्या दाबाने दाबून बसवला जातो. दाबाने एकावर एक दोन थर बसवलेला गार्ड मला अधिक पसंत आहे, कारण निर्वाताने ओढताना पत्रा ताणला जाऊन समोरच्या दातांवर पातळ होऊ शकतो. त्यानंतर ओठाच्या आतल्या बाजूला हिरडीला जोडणारा जो मऊ पडदा असतो, त्याच्यासाठी कडेला खाच ठेवतात; ही खाच चुकली की तिथे जखम होते आणि मूल गार्ड पुन्हा मोज्यात ठेवते. शेवटी खालचे दात गार्डवर दोन्ही बाजूंनी सारखे टेकतात का, ते पाहिले जाते. ही पायरी घाईत गाळली जाते, म्हणून गार्ड हाती घेताना ती आवर्जून करून घ्यावी.

उत्तर – मुष्टियुद्ध प्रशिक्षक

आमच्या खेळात या वस्तूचा इतिहास जुना आहे. 1890 च्या सुमारास लंडनचे दंतवैद्य वुल्फ क्राउझ लढतीपूर्वी मुष्टियोद्ध्यांच्या वरच्या दातांवर गटापर्चाच्या, म्हणजे झाडाच्या चिकापासून बनणाऱ्या रबरासारख्या पदार्थाच्या, पट्ट्या बसवत असत. त्याआधी खेळाडू कापूस किंवा स्पंज दातांत आवळून धरत, आणि अडचण तिथेच होती: दमल्यावर तोंड उघडते, तोंड उघडले की वस्तू पडते, आणि ठोसा नेमका त्याच क्षणी बसतो. सैल तयार गार्डचे आजही तेच होते.

माझा एक समोरचा दात आज खोटा आहे, तो याच कारणाने. सरावात सैल गार्ड जिभेने वर ढकलत होतो, तेवढ्यात साथीदाराचे कोपर लागले. गार्ड जमिनीवर पडला, आणि दाताचा तुकडा त्याच्या शेजारी. ती लढतही नव्हती, म्हणून माझ्याकडे सरावालाही गार्ड सक्तीचा आहे. आणखी एक सांगतो: गार्ड केवळ दात वाचवत नाही. ओठ आणि गाल स्वतःच्याच दातांवर आपटून फाटतात, ते प्रकार गार्डमुळे पुष्कळ कमी होतात.

उत्तर – दोन खेळाडूंचा बाप

मापाचा गार्ड उत्तम, हे मान्य आहे. पण वाढत्या वयात दरवर्षी तो परवडेलच असे नाही. माझा अनुभव असा की चावून बसवायचा गार्डही नीट बसवला तर बराच उपयोगी ठरतो. जोराने चावण्याऐवजी हलकेच दात टेकवून बोटांनी बाहेरून दाबावे आणि जिभेने टाळूकडे चेपावे. वेष्टनावर दिलेली वेळ काटेकोर पाळावी. माझ्या थोरल्याचा गार्ड अशा रीतीने बसवला, तो हंगामभर टिकला. शिवाय माउथगार्डमुळे मेंदूला बसणारा हादराही टळतो, असे ऐकले आहे. तसे असेल तर खर्चाचा हिशेबच वेगळा होईल.

उत्तर – दंतवैद्य

बसवण्याची आपली पद्धत योग्य आहे, आणि काहीच नसण्यापेक्षा नीट बसवलेला तयार गार्ड निश्चित बरा. हादऱ्याविषयी मात्र मी सावध राहीन. त्याबाबतचे निष्कर्ष एकसारखे नाहीत, म्हणून त्या भरवशावर गार्ड विकत घेऊ नये आणि डोक्याला मार लागल्यावर ‘गार्ड होता ना’ म्हणून खेळही चालू ठेवू नये. दात, ओठ आणि हिरड्या यांचे संरक्षण हे खर्चासाठी पुरेसे कारण आहे, विशेषतः ज्यांचे वरचे दात पुढे आहेत त्यांच्यासाठी, कारण आघात प्रथम तिथेच होतो.

प्रश्न – हॉकीपटूची आई

सर्वांचे आभार. मग तारा बसेपर्यंत थांबावे का? आणि रात्री दात खाण्यावर मिळतो तो गार्ड खेळताना चालेल का?

उत्तर – दंतवैद्य

थांबू नये, पण तारा बसवणारे आणि गार्ड करणारे अशा दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची योजना माहीत असावी. तारा बसल्यावर आता मापाने केलेला गार्ड निरुपयोगी होईल, आणि तारांमुळे दात सरकत असल्याने घट्ट गार्ड त्यांना अडवेल. म्हणून तारांसाठीचा गार्ड करताना साच्यावर ब्रॅकेटभोवती (तार धरण्यासाठी दातांना चिकटवलेल्या छोट्या तुकड्यांभोवती) आणि दात सरकणार त्या दिशेने आधीच मोकळी जागा भरून घेतात. तो अधूनमधून बदलावा लागेल, हे गृहीत धरावे. तारा दोन-तीन महिन्यांतच बसणार असतील, तर मधल्या काळापुरता नीट बसवलेला नवा तयार गार्ड घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. चघळून पातळ झालेला आताचा मात्र टाकून द्यावा.

रात्रीचा गार्ड खेळात वापरू नये. तो दातांची झीज थांबवण्यासाठी असतो, बहुधा कडक ॲक्रिलिकचा असतो आणि मार झेलण्यासाठी बनवलेला नसतो.

गार्ड थंड पाण्याने धुवावा, मऊ ब्रशने घासावा आणि छिद्रे असलेल्या डबीत ठेवावा. गरम पाण्याने किंवा उन्हात बंद ठेवलेल्या गाडीत त्याचा आकार बिघडतो. आणि गार्ड असूनही कधी कायमचा दात मुळासकट निघालाच, तर तो मुळाला हात न लावता वरच्या भागाने उचलावा, माती लागली असल्यास क्षणभर धुवावा, शक्य असल्यास लगेच खाचेत बसवावा, अन्यथा दुधात ठेवून तासाभराच्या आत दंतवैद्याकडे न्यावा. दुधाचा दात मात्र परत बसवू नये.

प्रश्न – हॉकीपटूची आई

तारांची तारीख आजच विचारून घेतली, सहा आठवड्यांनंतरची आहे. तोवर नवा तयार गार्ड घेऊन तुम्ही सांगितल्याप्रमाणे बसवते, आणि तारांनंतरच्या गार्डसाठी दोन्ही डॉक्टरांची एकत्र भेट ठरवली आहे. मुलीने एकच अट घातली आहे, की तो लावून ओरडता आले पाहिजे. माप देताना तीही सांगेन.