रोगशास्त्र घेऊ की नको? बाबा म्हणतात बुरशी वाडीत फुकट दिसते

पोफळवाडी:
श्रीवर्धनजवळ आमच्या अडीचशे पोफळी आहेत. मी दापोलीला बी.एस्सी. कृषीच्या शेवटच्या वर्षाला आहे. एम.एस्सी.ला वनस्पती रोगशास्त्र घेऊन मातीतल्या सूक्ष्मजीवांवर काम करायचं मनात आहे. पण गेल्या पावसाळ्यात झाडांच्या बुंध्याभोवतीच्या आळ्यांत दोनदा ट्रायकोडर्मा (रोगकारक बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) घालूनही कोळे रोगाने निम्मी सुपारी गळली, तेव्हापासून बाबांची टिंगल चालू आहे. मीही जरा डळमळलेय. या कामात आयुष्य काढलेलं कोणी आहे का इथे? दिवसभर नक्की काय करावं लागतं?

प्लेटवाली:
मी ३१ वर्षं हेच केलं. गेल्या साली निवृत्त झाले.

आधी तुझ्या ट्रायकोडर्माबद्दल. ते बिचारं मुळांपाशी राबणारं. कोळे लागतो वर शेंड्याखाली, घोसाला. एवढ्या उंचीवर, पावसाच्या झडीत, ते आळ्यातून कसं पोचणार? शिवाय कोळे रोग करणारा सूक्ष्मजीव, फायटोफ्थोरा, खरी बुरशीच नाही. त्याच्या पेशीभित्तिकेत सेल्युलोज, नातं समुद्रातल्या तपकिरी शेवाळांशी. म्हणून दुकानदाराने दिलेलं कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक फवारलं तर पैसे पाण्यात.

आता दिवसभराचं. पहिल्या पावसाळ्यात मी गळालेल्या सुपाऱ्या गोळा करून त्यांचे तुकडे प्लेटवर (बुरशी वाढवायच्या काचेच्या बशीत) लावत होते. तीन आठवडे नुसती फ्युझेरियम आणि इतर उपटसुंभ बुरशी. आमच्या प्रयोगशाळेत एक मदतनीस मामा होते, सातवी शिकलेले. ते म्हणाले, "बाई, कुजलेली कशाला उचलता? जिच्यावर नुकता ओला डाग पडलाय, ती झाडावरची आणा." डागाच्या कडेचा तुकडा लावला आणि चौथ्या दिवशी पांढरी, कापसासारखी वाढ. त्यातले बीजाणुकोश फ्रीजमधल्या थंड पाण्यात टाकून अर्ध्या तासाने सूक्ष्मदर्शकाखाली धरले, तर त्यांतून शेपटीवाले बीजाणू पोहत बाहेर पडताना दिसले. त्या दिवशी जेवायचं राहिलं.

बाकी वेळ धुणं, निर्जंतुक करणं, लेबलं लावणं. जुलैत वीज गेली की इनक्युबेटर बंद, आणि ओल्या हवेत बारीक कोळी (माइट) एका प्लेटवरून दुसऱ्या प्लेटवर बुरशी पोचवतात. दोन वर्षांचा संग्रह माझा असाच गेला. (चूक माझीच, सगळं एकाच कपाटात ठेवलं होतं.)

आणि एक खरं सांगते. म्हैसूर संस्थानात कोलमन नावाच्या कॅनेडियन शास्त्रज्ञाने १९१० साली या रोगावर सविस्तर लिहिलं. तेव्हापासून आजपर्यंत मुख्य औषध एकच, १ टक्का बोर्डो मिश्रण: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. पाऊस लागायच्या आत पहिली फवारणी, पुढे चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी दुसरी. शेतकरी विचारायचे, "मॅडम, नवीन काय?" मी गप्प.

भाट्ये_किनारा:
बोर्डो ठीक हो, पण पोफळीवर चढणारा माणूस कुठून आणायचा? आम्ही मे महिन्यात घोसांना प्लास्टिक पिशव्या बांधतो, तीही चढणारा मिळाला तरच. मुली, नोकरीचं म्हणशील तर एएसआरबी नेटची (कृषी प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेची) तयारी आत्तापासून कर. नंतर वेळ मिळत नाही.

पोफळवाडी:
म्हणजे माती सोडून द्यायची का, मावशी?

प्लेटवाली:
सोडू नकोस गो. जागा बदल. पोफळीवर मिरी चढवलीय ना? मिरीची जलद मर फायटोफ्थोराच करतो, पण तो मातीतून, मुळाशी येतो. तिथे ट्रायकोडर्माला खरंच काम आहे. फक्त बोर्डो आणि ट्रायकोडर्मा एकाच वेळी ओतू नका, तांबं त्याला सोसत नाही. आपल्या जांभ्याच्या मातीत लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरद धरून ठेवतात, तो मुळांपर्यंत पोचवणाऱ्या मायकोरायझा बुरशीकडेही बघ. काम भरपूर आहे.

पोफळवाडी:
चढवलीय. तीन वेल पिवळे पडलेत. बाबा म्हणाले, पाणी जास्त झालं असेल.

प्लेटवाली:
पाणी साचलं असेल तर फायटोफ्थोराला पोहायला आणखी बरं. मुळाजवळची मूठभर ओली माती प्लास्टिक पिशवीत आण, उन्हात ठेवू नकोस. घरीच वाटीत पाणी घालून कालव, वर मिरीच्या निरोगी पानाचे तुकडे तरंगव. दोन-तीन दिवसांत कडा काळ्या पडल्या तर इथे फोटो टाक. बाबांनाही दाखव.