बारावीचं रसायन प्रॅक्टिकल: ब्यूरेट न बघताच सीबीआर १०.१

बिनरंगी_फिनॉल्फ्थॅलीन
भाची बारावी सायन्सला आहे. परवा तिचं जर्नल चाळत होतो. टायट्रेशनची, म्हणजे ब्यूरेट या खुणांच्या उभ्या नळीतून द्रावण थेंबथेंब सोडून मोजायच्या प्रयोगाची, तीन रीडिंग: १०.१, १०.१, १०.१. सीबीआर, म्हणजे पुन्हा पुन्हा सारखं येणारं ब्यूरेटचं रीडिंग, अर्थातच १०.१. म्हटलं, हात छान बसलाय गं तुझा. तर म्हणते, "मामा, ब्यूरेट अजून बघितलंच नाही आम्ही. सरांनी फळ्यावर लिहून दिलं." कॉलेज 'इंटिग्रेटेड' आहे, म्हणजे हजेरी कॉलेजात आणि मुलं क्लासला. प्रॅक्टिकलच्या ३० मार्कांची काळजी मात्र कुणालाच नाही, ते मिळतातच.

माझं मत: प्रयोग, त्यामागचा इतिहास आणि सुरक्षितता या तीन गोष्टी एकत्रच शिकवायला हव्यात. ऑक्सिजनचंच घ्या. १ ऑगस्ट १७७४ रोजी इंग्रज शास्त्रज्ञ प्रिस्टलीने भिंगाने ऊन एकवटून पाऱ्याचं लाल भस्म तापवलं. वायू निघाला, त्यात मेणबत्ती भडकून जळाली. वायू हाती लागला, पण त्याचा अर्थ त्याने जुन्या फ्लॉजिस्टनच्या (जळताना पदार्थातून 'फ्लॉजिस्टन' नावाचं काहीतरी बाहेर पडतं, या समजुतीच्या) चौकटीतच लावला आणि १८०४ मध्ये मरेपर्यंत ती सोडली नाही. फ्रेंच शास्त्रज्ञ लाव्हाझिएने त्याच वायूवरून ज्वलनाची सगळी मांडणी उलटवली. दिसतं ते एक आणि आपण त्याचा लावतो तो अर्थ दुसरा, हे यातून कळतं. फळ्यावरून रीडिंग उतरवणाऱ्या पोरीला ते कसं कळावं? तिला काही दिसलेलंच नाही.

लॅबवाला_नाना
गोष्ट झकास. आता करून दाखवा तो प्रयोग. पाऱ्याचं भस्म तापवलं की पारा मोकळा होतो, त्याची वाफ पोरांच्या नाकात. आमच्या लॅबच्या एक्झॉस्ट फॅनमध्ये चिमण्यांचं घरटं आहे. फ्यूम हूड (विषारी वाफा ओढून घेणारं कपाट) आहे, पण तपासणीच्या कागदावर.

बावीस वर्षं लॅब असिस्टंट आहे मी. पंचवीसची बॅच, बघायला मी एकटा. ब्राऊन रिंग टेस्टला (नायट्रेट असलं की नळीत तपकिरी कडं दिसतं ती) संहत सल्फ्युरिक आम्ल नळीच्या कडेने हळू सोडायचं असतं. दर वर्षी एक तरी बहाद्दर सरळ ओततो. मागे एका मुलीने नळी धुवायची म्हणून उरलेल्या आम्लात पाणी सोडलं. उसळून मनगटावर आलं. ताबडतोब नळाखाली हात धरला, थोडक्यात निभावलं. पालक जाब विचारायला आले, आणि लेखी खुलासा कुणी दिला? मी. तेव्हापासून बाटली कपाटात, किल्ली माझ्या खिशात. ओळखायला दिलेलं सॉल्ट (क्षार) कोणतं ते पोरांच्या कानात सांगतो. द्या शिव्या. पण पोरं धडधाकट घरी जातात.

नीटची_आई
नीटला रसायनाचे ४५ प्रश्न असतात. त्यात प्रिस्टलीने भिंग कुठल्या हातात धरलं होतं हे विचारत नाहीत. मुलगा रात्री साडेअकराला क्लासवरून येतो. आणखी काय काय करायचं त्याने?

बिनरंगी_फिनॉल्फ्थॅलीन
नाना, पारा कोण म्हणतंय! मेडिकलमधून हायड्रोजन पेरॉक्साइड आणा, त्यात कच्च्या बटाट्याची फोड टाका, फेसाशी विझत आलेली उदबत्ती धरा. निखारा तेजाळतो. तोच वायू.

आणि सुरक्षिततेचे नियम भिंतीवर लावून कोण वाचतं? रोज ज्या बर्नरवर काम करतो त्या बर्नरच्या बुन्सेनचा एक डोळा स्फोटात गेला होता, हे ऐकलेला मुलगा चष्मा घालतो. डार्टमथ कॉलेजच्या प्राध्यापक कॅरेन वेटरहान यांच्या लॅटेक्सच्या हातमोज्यावर ऑगस्ट १९९६ मध्ये डायमिथाइल मर्क्युरी या पाऱ्याच्या जहाल विषारी संयुगाचे थेंब पडले. जून १९९७ मध्ये त्या गेल्या.

निवृत्त_मास्तर
प्रयोगाला माझा पाठिंबा, पण इतिहासाला विरोध. कारण तो आपल्याकडे शूरवीरांच्या पोवाड्यासारखा सांगतात. प्रिस्टलीच्या आधीच स्वीडनच्या शीले या रसायनशास्त्रज्ञाने तो वायू काढला होता, छापून यायला १७७७ उजाडलं म्हणून श्रेय हुकलं. पण वर्गात सांगतात काय? शीले प्रत्येक पदार्थाची चव घ्यायचा! तो ४३व्या वर्षी गेला, ते मात्र कुणी सांगत नाही. आमच्या सरांनी ही गोष्ट कौतुकाने सांगितली आणि त्याच तासाला आम्ही पिपेट (द्रावण मोजून घ्यायची नळी) तोंडाने ओढायला शिकलो. एकदा कॉस्टिक सोडा तोंडात आला. आठवडाभर आमटी गिळवत नव्हती.

करायचं तर थेंबांवर करा. गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाच्या खळग्यात मोरचुदाचं द्रावण, त्यावर अमोनियाचा थेंब. आधी फिकट निळा साका, आणखी थेंब टाकले की तो विरघळून गर्द निळं. आम्लाची अख्खी बाटली मुलांसमोर यायचं कारणच नाही.

लॅबवाला_नाना
मास्तरांचं थेंबाचं पटलं. पण एक्सटर्नल (बाहेरचा परीक्षक) येतो तो परीक्षानळीतली रिंगच मागतो, त्याला गोळ्यांचं पाकीट दाखवू? आणि ते वेटरहान बाईंचं. त्यांनी हातमोजे घातले होते, काम फ्यूम हूडमध्ये केलं होतं, बाई त्या विषयातल्या जाणत्या. तरी जीव गेला. ही गोष्ट सांगितली तर पोरं उद्यापासून मोजेसुद्धा घालणार नाहीत. म्हणतील, घालून तरी काय?

बिनरंगी_फिनॉल्फ्थॅलीन
गोष्ट तिथेच तोडली तर म्हणतील. पुढचं मीच सांगायचं राहिलं. नंतर हातमोज्यांची चाचणी घेतली तेव्हा कळलं की ते द्रव लॅटेक्समधून काही सेकंदांत आरपार जातं, आणि त्यावरून मोज्यांचे नियम बदलले. कुठल्या पदार्थाला कुठला मोजा, हा प्रश्न त्यामुळे ऐरणीवर आला. हाही इतिहासच, मास्तर, आणि यात पोवाडा नाही.

खुलासा तुम्हालाच द्यावा लागतो, नाना, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. आम्लाची किल्ली खिशातच ठेवा. पण परमँगनेटच्या एका थेंबाने गुलाबी रंग टिकून राहतो तो क्षण तरी पोरांना बघू द्या. त्यात कुणाचा हात भाजत नाही. निदान ब्यूरेट बाहेर काढा.

नीटची_आई
आणि तो थेंब बघण्यात गेलेला तास कोण भरून देणार? तुमच्या भाचीचं सांगा, ती क्लास सोडून येणार आहे का?

लॅबवाला_नाना
काढतो ब्यूरेट. नऊ आहेत, त्यातली चार गळतात. व्हॅसलीन लावून बघतो.