दोघांचेच लग्न, मोकळ्या निसर्गात: जागा निवडताना नेमके काय पाहावे?

प्रश्न : पाऊलवाट

मोठा समारंभ टाळून मोजक्या माणसांसमोर, मोकळ्या निसर्गात लग्न करायचे आम्ही दोघांनी ठरवले आहे. घरून विरोध नाही, त्यामुळे यात पळून जाण्यासारखे काही नाही. फक्त गर्दी नको आहे. आम्ही दोघे, एक छायाचित्रकार आणि चार जवळची माणसे एवढेच जण असू. त्या चौघांपैकी माझे होणारे सासरे काठी घेऊनच चालतात.

तीन जागा मनात आहेत. पहिली जागा म्हणजे २,९०० मीटर उंचीवरचे, खिंडीलगतचे सरोवर. तिथे पोहोचायला सहा किलोमीटर चाल आणि ६०० मीटर चढ आहे. दुसरी धबधब्याच्या पायथ्याशी, गाडीरस्त्यापासून दहा मिनिटांवर. तिसरी कड्यांखालची वाळूची चिंचोळी पुळण, जिथे कातळाला वळसा घालून जावे लागते. छायाचित्रांत तिन्ही जागा अप्रतिम दिसतात आणि त्यामुळेच निवड होत नाही. विधी संध्याकाळी, सूर्यास्ताच्या सुमारास करावा असे वाटते. अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

उत्तर : खिंडकरी

तुम्ही जागेपासून सुरुवात केली आहे. मी तासापासून केली असती. कोणत्या तासाला कोण तिथे उभे असणार, हे ठरले की निम्म्या जागा आपोआप गळतात.

सरोवराचेच पाहा. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला ठोकताळा आजही वापरला जातो: दर पाच किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. त्या हिशेबाने तुमची चाल सव्वादोन तासांची होते. पण हा हिशेब धडधाकट, न थांबता चालणाऱ्या माणसाचा आहे. लग्नाचे कपडे पाठीवर, सोबत कॅमेऱ्याचे सामान आणि मध्येमध्ये थांबे असतील, तर चार तास धरा. सूर्यास्ताला विधी करायचा म्हणजे उतरण पूर्ण अंधारात आली, आणि दमलेल्या पायांचे घसरणे बहुतेक उतारावरच होते. शिवाय २,५०० मीटरच्या वर काहींना विरळ हवेने डोकेदुखी आणि मळमळ होते, म्हणून आधीची एक-दोन रात्री थोड्या उंचीवर मुक्काम करावा लागतो. हवा दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी थंड होत जाते. पायथ्याशी सुखद वाटणारी संध्याकाळ वर चार अंशांनी गार असेल आणि वारा त्यात भरच घालेल.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. फोनमध्ये दिसणारी सूर्यास्ताची वेळ सपाट क्षितिजाची असते. तुमचे सरोवर डोंगरांनी वेढलेले असेल, तर सूर्य पश्चिमेच्या धारेमागे तासभर, कधी त्याहूनही आधी जातो आणि ज्या सोनेरी उजेडासाठी एवढी धडपड केली तो समोरच्या शिखरावर पडतो, तुमच्या चेहऱ्यांवर नाही. अशा जागी पहाटेचा विचार करावा. उन्हाळ्यात उंच डोंगरांवर विजांचे ढग बहुधा दुपारनंतर चढतात, त्यामुळेही सकाळ बरी. गडगडाट ऐकू आला की वीज पोहोचेल इतक्या अंतरात आपण आलेलोच असतो. लगेच खाली उतरावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी उघड्यावर परतू नये.

सासऱ्यांना तिथे न्यायचा विचार मात्र मनातून काढून टाका.

उत्तर : ओलाकातळ

धबधब्याबद्दल स्वानुभव सांगतो, कारण आम्ही हीच चूक केली. आम्ही पायथ्यापासून तीस पावलांवर उभे होतो. बायकोने वचने लिहून आणली होती, तिचे ओठ हलताना दिसत होते आणि मला एक शब्द ऐकू येत नव्हता. चौथ्या ओळीला तुषारांनी कागदावरची शाई ओघळली, तेव्हा तिने कागदाची घडी केली आणि ती हसत सुटली. आठवण म्हणून ते गोड आहे, पण तिने काय लिहिले होते ते मला रात्री मुक्कामावर कळले. चित्रफितीत तर नुसता पाण्याचा आवाज आहे.

म्हणून ज्या ऋतूत आणि ज्या तासाला विधी करायचा, त्याच ऋतूत आणि त्याच तासाला एकदा जाऊन या आणि तिथे उभे राहून एकमेकांशी नेहमीच्या आवाजात बोलून पाहा. बोलणे ऐकू येत नसेल तर शंभर-दोनशे पावले खाली सरका. धबधबा मागे दिसत राहतो. शेवाळलेल्या कातळावर काठी टेकत चालणाऱ्या माणसाला नेऊ नका. दहा मिनिटांची वाट म्हणजे सोपी वाट असे नसते.

उत्तर : भरतीरेषा

पुळणीबाबत माझा सल्ला कडक आहे. कातळाला वळसा घालून जायची वाट असेल, तर भरतीच्या वेळी ती पाण्याखाली जाते की नाही हे आधी शोधा. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटे जातात, त्यामुळे भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. आठवड्यापूर्वी संध्याकाळी पाहून आलात म्हणून लग्नाच्या संध्याकाळी तीच वाळू मोकळी मिळेल असे नाही. ओहोटीनंतर पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात ते जेमतेम हलते आणि मधल्या दोन तासांत एकूण चढाच्या निम्मे चढते, म्हणून गाफील माणसे नेमकी तिथेच अडकतात. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते. तारीख हातात असेल तर अष्टमीच्या सुमाराची, म्हणजे पाणी कमी चढते अशा भांगाच्या भरतीची घ्यावी. विधी ओहोटी पूर्ण होण्याच्या तासभर आधी सुरू करावा, म्हणजे परतायला पुरेसा वेळ उरतो. कड्याच्या अगदी पायथ्याशी उभे राहू नये, दगड सुटतात.

उत्तर : खिंडकरी

कायद्याचा मुद्दा राहिला. देशोदेशीचे नियम इतके वेगळे आहेत की एका ठिकाणचे वाचून दुसऱ्या ठिकाणी गेलात तर फसाल. अमेरिकेतील कोलोरॅडोत जोडप्याला विवाह लावणाऱ्या व्यक्तीशिवाय स्वतःच विवाह लावता येतो. स्कॉटलंडमध्ये उघड्यावर विवाह होऊ शकतो, पण अधिकृत विवाह लावणारी व्यक्ती आणि दोन साक्षीदार लागतात. इंग्लंडमध्ये मात्र कायदेशीर विवाहासाठी सर्वसाधारणपणे मान्यताप्राप्त ठिकाणच लागते. यावर सोपा उपाय म्हणजे नोंदणी आधी कार्यालयात उरकावी आणि निसर्गात केवळ विधी करावा. मग साक्षीदार, तारीख आणि पाऊस यांची सांगड घालत बसावे लागत नाही.

संरक्षित क्षेत्रात सात माणसांनाही परवाना लागू शकतो. अमेरिकेच्या अनेक राष्ट्रीय उद्यानांत तो लागतोच आणि २०१४ पासून तिथे ड्रोनलाही मनाई आहे. पाकळ्या, कागदाचे तुकडे आणि तांदूळ यांपैकी काहीही उधळू नका. उभे राहायला कातळ, वाळू किंवा मळलेली वाट निवडा. थंड प्रदेशातील शेवाळावर पडलेला पायाचा ठसा भरून यायला कित्येक वर्षे लागतात.

प्रश्नकर्ती : पाऊलवाट

सर्वांचे मनापासून आभार. काल धबधब्याच्या जागी संध्याकाळी जाऊन आलो. पायथ्याशी खरोखरच काही ऐकू आले नाही. वाटेवर मागे येताना, रस्त्यापासून चार मिनिटांवर प्रवाहाच्या वळणाला एक सपाट कातळ दिसला. तिथून धबधबा झाडांमधून अर्धाच दिसतो, पण सासरे काठी टेकून सहज बसले आणि आम्ही हळू बोललेलेही त्यांना कळत होते. उजेड मात्र पावणेसहालाच गेला, म्हणून विधी सकाळी आठला करणार आहोत. सरोवरावर दुसऱ्या दिवशी आम्ही दोघेच जाऊ. पाऊस आला तर त्या कातळावर बसता येणार नाही, तेव्हा पर्यायी जागा किती जवळ असावी?

उत्तर : ओलाकातळ

त्याच गाडीतळावरून पोहोचता येईल इतकी. आणि ती छायाचित्रकाराला आधीच दाखवून ठेवा, कारण भिजलेल्या कपड्यांत उभे राहून नवी जागा शोधणे जमत नाही.